एक जूनला जन्मलेली माणसं

ती प्रमाणपत्रं पिशवीत ठेवा. सहाच्या सहा. कागद गुळगुळीत आहे, कडेला सोनेरी पट्टी आहे, 'आंतरराष्ट्रीय निर्वासित कायदा : वकिलांसाठी प्रगत प्रशिक्षण' असं ठळक अक्षरात छापलंय. छान आहे. ऑफिसात चौकटीत लावा. पण ती मला दाखवायला कारंज्याहून, वाशीमहून, अकोल्याहून एवढ्या आडवाटेला इंझोरीला आलात, तर आता थोडा वेळ माझंही ऐकून घ्या. चहा चुलीवर आहे. माझं बोलणं कडू लागलं तर चहात साखर जास्त घालते.

आल्या आल्या मी एकच प्रश्न विचारला होता. परक्या देशातून जीव वाचवून आलेला माणूस उद्या तुमच्या टेबलासमोर बसला, तर काय कराल? सहा जणांनी एका सुरात उत्तर दिलंत, "मॅडम, भारतानं १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे फारसं काही करता येत नाही." पाच दिवस, रोज दोन तास, मोबाइलसमोर बसून हे शिकलात? हे वाक्य स्पर्धा परीक्षेच्या गाइडात सापडतं. मग त्यात प्रगत काय झालं?

सही नाही, हे खरं. २८ जुलै १९५१ चा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल, दोन्हींवर नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपण केला नाही. पण तुम्ही ते वाक्य माहिती म्हणून सांगत नव्हता. तुमचे चेहरे मी बघत होते. कलेक्टर ऑफिसातला कारकून 'साहेब दौऱ्यावर आहेत' म्हणतो ना, तसं तुम्ही ते म्हणालात. काम टळलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तू. खांबाच्या आड बसलायस तो. पुढं ये. लाजायची वेळ महिन्यापूर्वी होती, तेव्हा लाजला नाहीस.

तुझी फाईल मी रात्री कंदिलासारख्या त्या बल्बखाली दोनदा वाचली. महामार्गावरच्या हॉटेलात भांडी घासणारा अफगाण पोरगा. हजारा वंशाचा. व्हिसा संपून काळ लोटलेला. पोलिसांनी धरला. विधी सेवेच्या यादीवर तुझं नाव होतं म्हणून तू त्याचा वकील झालास. पोरगा दोन महिने कच्च्या कैदेत होता. मग एके दिवशी तू त्याला सांगितलंस, गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील. त्यानं कबूल केला. तीन महिन्यांची शिक्षा झाली, दोन महिने वजा झाले, एक उरला. तू मला फोनवर म्हणालास, "मॅडम, चांगला निकाल लागला." चांगला? कोणासाठी? तुझ्या डायरीतली एक तारीख कमी झाली, तेवढंच चांगलं झालं.

त्याला तू कशाची भीती घातलीस ते सांगू? तुझ्याच अर्जाच्या प्रतीत लिहिलंय. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा, कलम १४, पाच वर्षांपर्यंत कैद. अरे, तो कायदा रद्द झाला! १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू आहे. त्या एका कायद्यानं १९४६ चा, १९३९ चा नोंदणीचा, १९२० चा पासपोर्टचा आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा असे चार जुने कायदे पुसले. व्हिसाची मुदत संपूनही राहिल्याबद्दल नव्या कायद्याचं कलम २३ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांच्या प्रथम खबरीत कलम २३ बरोबर लिहिलंय. पोलिसाला नवा कायदा माहीत आणि वकिलाला नाही. मेलेल्या कायद्यातली पाच वर्षं दाखवून तू जित्या माणसाकडून कबुली घेतलीस.

आणि ही कबुली म्हणजे तरी काय होती? पोरगा दारी बोलतो. दुभाषी म्हणून तू उभा केलास तो सुकामेवा विकणारा पश्तो बोलणारा, त्याला हिंदी मोडकी येते, दारी अर्धवट कळते. त्याच्या हिंदीतून तुझ्या मराठीत आणि तिथून न्यायालयाच्या कागदावर. माझ्या मनात रात्री एक गोष्ट आली. आपल्या कोर्टाची मराठी अर्धी फारसी आहे. वकील, तारीख, जामीन, फिर्याद, दस्तऐवज, मुद्देमाल. तुझ्या प्रश्नातले दोनच शब्द त्या पोराला ओळखीचे वाटले असतील, 'गुन्हा' आणि 'कबूल'. दोन्ही त्याच्याच घरातले. पण त्याच्या घरात गुनाह म्हणजे पाप, आणि कबूल म्हणजे 'बरं, तुम्ही म्हणता तसं'. आपला माणूस म्हणून उभा असलेल्या तुला तो 'बरं' म्हणाला. त्याचा तुम्ही दोषारोप मान्य असल्याचा जबाब केलात.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५७ कोणी वाचलंय? हात वर करा. कोणीच नाही. जुन्या संहितेतलं ३१८. आरोपी वेडा नाही, पण कामकाज त्याला समजावून देता येत नाही, अशा वेळी दोषी ठरवणाऱ्या खालच्या न्यायालयानं सगळं प्रकरण अहवालासह उच्च न्यायालयाकडे पाठवायचं, आणि पुढचा हुकूम उच्च न्यायालयानं द्यायचा. शंभरावर वर्षांपासून या देशाच्या कायद्यात ही तरतूद आहे. त्यासाठी जिनिव्हाला जायची गरज नाही, सहीची तर नाहीच. तुम्ही पाच दिवस आंतरराष्ट्रीय कायदा शिकलात आणि रोजच्या संहितेतलं हे कलम तुम्हाला ठाऊक नाही.

चहा उतू जातोय. तो बघा कोणीतरी. हां.

आता जन्मतारखेचं. तुझ्या टिपणात लाल शाईनं लिहिलंय, 'अशील खोटं बोलतो, वय तीन ठिकाणी वेगळं.' संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्ली कार्यालयानं दिलेल्या कागदावर १ जानेवारी. पोलिसांच्या जबाबात एकवीस वर्षं. तुला तोंडी सांगितलं, तेराशे एक्याऐंशी साली वसंतात जन्मलो. तू हसलास असं तूच मला सांगितलंस. शिवाजी महाराजांच्याही आधीचा माणूस भांडी घासतोय म्हणालास.

त्या भिंतीवर दिनदर्शिका आहे. वाच, वर काय लिहिलंय? शके १९४७. तुझ्या आजीला त्या पोराच्या देशात नेऊन कोणी जन्मसाल विचारलं आणि तिनं शकाचं साल सांगितलं, तर ती खोटारडी? अफगाणिस्तानात सौर हिजरी वर्ष चालायचं, मार्चच्या एकविसाव्या तारखेच्या आसपास सुरू होणारं. १३८१ म्हणजे २००२ चा मार्च ते २००३ चा मार्च. वसंतात म्हणजे २००२ च्या एप्रिल-मे मध्ये कधीतरी. पोरगा तेवीस वर्षांचा आहे. खोटं तो बोलला नाही, बेरीज-वजाबाकी तुला आली नाही.

आणि १ जानेवारी म्हणालास, तर या गावात माझ्याबरोबर चल. मारुतीच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख विचार. निम्म्यांची एक जून निघेल. शाळेत घालताना बापाला तारीख ठाऊक नव्हती, मास्तरांनी शाळा उघडायच्या हिशोबानं एक जून टाकली, पोरगं सहा वर्षांचं ठरलं. माझ्या थोरल्या भावाचीही एक जूनच. त्याचं पेन्शन त्याच तारखेवर निघालं, कोणी त्याला लबाड म्हणालं नाही. आई म्हणायची, तू बहात्तरच्या दुष्काळाआधी, ज्वारी निसवली तेव्हाचा. ती तारीख जास्त खरी होती. जिथं जन्माची नोंद नसते, तिथं नोंद करणारा कारकून वर्षाचा पहिला दिवस टाकतो. इंझोरीत मास्तर जून टाकतो, दिल्लीत जानेवारी. हे तुला कळायला परदेशी प्राध्यापक लागतो? तुझ्या स्वतःच्या बापाच्या शाळेच्या दाखल्यावर काय तारीख आहे ते आधी बघ.

निर्वासित उच्चायुक्तांची १९७९ ची मार्गदर्शक पुस्तिका तुमच्या प्रशिक्षणात होती. त्यातलं एकच तत्त्व सांगते. सिद्ध करायचं ओझं मुळात अर्जदारावर असलं, तरी वस्तुस्थिती शोधायचं काम तो आणि तपासणारा, दोघांनी वाटून घ्यायचं. आणि सगळे प्रामाणिक प्रयत्न करूनही काही गोष्टींना पुरावा मिळाला नाही, बाकी हकिगत पटण्यासारखी असली, तर संशयाचा फायदा त्याला द्यायचा. पळणारा माणूस फाईल घेऊन पळत नाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानंही जे ओझं वाटून घ्यायचं, ते त्याच्याच वकिलानं झटकलं.

धुऱ्याच्या भांडणात तुम्ही काय करता? दोन हात जागेसाठी तलाठ्याकडे चकरा मारता, सगळे फेरफार काढता, जुनं पेरेपत्रक शोधता, मोजणीची नक्कल मिळेना तर भूमी अभिलेखच्या पायऱ्यांवर बसता. शेजाऱ्यापाजाऱ्यांची शपथपत्रं घेता. ती मेहनत मी पाहिली आहे, तुमचं मला कौतुक आहे. मग इथे जीव पणाला लागलाय तेव्हा त्याच्या गावाचं नाव नकाशावर शोधायला अर्धा तास मिळाला नाही? हजारा लोकांवर तिकडे काय होत आलंय, त्यांच्या शाळांवर आणि मशिदींवर काय हल्ले झाले, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतून काढून फाईलला लावणं म्हणजेच फेरफार काढणं. करारातली व्याख्या बघ. 'सकारण भीती' या दोन शब्दांत दोन कामं आहेत. भीती त्याच्या तोंडून काढायची, कारण बाहेरच्या कागदांतून दाखवायचं. आणि छळ पाचांपैकी एका कारणानं झाला पाहिजे : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व, राजकीय मत. हजारा असणं हा वंश, शिया असणं हा धर्म. दोन कारणं तुझ्या समोर बसलेली होती. तू त्याला विचारलंस फक्त, "पासपोर्ट कुठंय?"

'विशिष्ट सामाजिक गट' कळत नाही असं तूच म्हणालीस ना गं मघाशी? पोहरादेवीच्या यात्रेला जाताना वाटेत तांडे लागतात. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्यानं देशातल्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, हजेऱ्या लावल्या. तो कायदा जायला १९५२ उजाडलं. माणसानं काय केलं हे न विचारता तो कोणाच्या पोटी आला एवढ्यावरून त्याच्या मागे लागणं, हे त्या तीन शब्दांत आहे. विमुक्त भटक्यांच्या जिल्ह्यात वकिली करता आणि हे इंग्रजी स्लाइडवरून शिकावं लागतं.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. इतका वेळ ती मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. फाईलच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय : 'वकिलातीला फोन केला, नाव व गाव कळवले.'

परदेशी माणूस अटकेत असला की त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवायचं, हे तू कुठंतरी वाचलं असशील. दूतसंबंधांच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारात अनुच्छेद ३६ आहे, त्या करारात भारत आहे. पण त्यात काय लिहिलंय? त्या माणसाची इच्छा असेल तर. कळवायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. पर्यटकाला अटक झाली तर फोन करणं चांगली वकिली. जो ज्या सत्तेच्या भीतीनं पळाला, त्याच सत्तेला त्याचं नाव आणि गाव कळवणं याला काय म्हणतात, तूच सांग. गावात त्याची आई आहे, असं तुझ्याच टिपणात आहे. एका फोननं तू भीती सकारण करून ठेवलीस.

वकील शब्दाचा अर्थ काय होता, आठवा. पेशव्यांचे वकील दिल्लीत, हैदराबादेत, इंग्रजांकडे असायचे. धन्याच्या जागी उभं राहून बोलणारा तो वकील. त्याच्याच घराला आपण वकिलात म्हणतो. जो समोरच्या दरबाराला धन्याची गुपितं पोचवील, त्याला काय शिक्षा व्हायची ते इतिहासाच्या मास्तरांना विचारा. २००७ मध्ये नैरोबीत निर्वासितांच्या वकिलांसाठी नीतिनियमांचा एक नमुना तयार झाला, त्यात गोपनीयतेवर केवढा भर आहे! कारण इथे उघड झालेलं नाव परत झाकता येत नाही.

आणि तू हसू नकोस. तुझ्याबद्दलही बोलायचंय. मघाशी अंगणात कोणाला तरी सांगत होतास, "अशा केसमध्ये कथा जरा बांधून घ्यावी लागते." बांधून! कीर्तन आहे का ते? त्याच नैरोबीच्या नियमांत खोटी हकिगत रचू नका हेही आहे, आणि ते काही साधुसंतांसाठी लिहिलेलं नाही. दिल्लीच्या कार्यालयात मुलाखत घेणारी माणसं तीच गोष्ट तीनदा, तीन टोकांनी विचारतात. तू घातलेला मीठमसाला पहिल्या उलट्या प्रश्नाला गळून पडतो आणि त्याबरोबर खरंही वाहून जातं. शिवाय १९५१ च्या करारात अनुच्छेद १ च्या शेवटी एक दार बंद करणारं कलम आहे. युद्धगुन्हे किंवा गंभीर बिगर-राजकीय गुन्हा केलेल्याला संरक्षण नाही. हातात बंदूक होती का, कोणाच्या बाजूनं होती, हे अवघड प्रश्न तुला आधी, एकट्यानं, दार लावून विचारता आले पाहिजेत. समोरच्यानं विचारल्यावर तुझा चेहरा पडता कामा नये.

कायदा नाही म्हणालात, तर निकाल तरी वाचलेत का? वाचलेत, पण आवडते तेवढेच. एकीनं मला गुजरात उच्च न्यायालयाचा निकाल घडाघडा म्हणून दाखवला. दोन इराकी, १९९९ च्या क्रिमिनल लॉ जर्नलमध्ये छापलेला, परत न पाठवण्याचं तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये आहे असं सांगणारा. छान. दुसऱ्यानं १९९६ चा चकमांचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, की माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचं रक्षण करणं राज्याला बंधनकारक आहे. तोही ठीक. मग मी विचारलं, लुई द रेट? सगळे गप्प. हान्स म्युलर? त्यावर तर एक जण म्हणाला, "जर्मन कवी का मॅडम?"

हान्स म्युलर १९५५, लुई द रेट १९९१. परदेशी माणसाला घालवून देण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे, राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा अनुच्छेद १९ चा हक्क फक्त नागरिकाचा, असं म्हणणारे निकाल. आणि त्यावर ८ एप्रिल २०२१ चा मोहम्मद सलीमुल्ला. जम्मूतल्या रोहिंग्यांना अंतरिम दिलासा नाकारला. सरकारी वकील उद्या हे तिन्ही तुमच्या तोंडावर फेकणार आहे. ते तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगले पाठ असले पाहिजेत, कारण सलीमुल्लामध्येच शेवटी लिहिलंय, की ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवायचं नाही. पराभवाच्या निकालात उरलेली ती एक ओळ आहे. आपली वकिली तिथून सुरू होते. कार्यपद्धती कोणती, कोणी पाळायची, पाळली का. डिसेंबर २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्यानं निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्यांसाठी कार्यपद्धती काढली, २०१९ मध्ये ती सुधारली. आपल्या जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे असते. तू अधीक्षकांना एक ओळीचा अर्ज तरी दिलास का, की माझा अशील निर्वासित असल्याचा दावा करतो? नाही दिलास. दावा कागदावर आलाच नाही, तर नाकारणार कोण आणि तपासणार कोण?

तुझ्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा निकाल तर कोणी काढलाच नाही. मणिपूर उच्च न्यायालय, मे २०२१, नंदिता हक्सर विरुद्ध मणिपूर राज्य. म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीला निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यालयापर्यंत जाता यावं म्हणून न्यायालयानं सुरक्षित वाट मोकळी करून दिली. सही नसलेल्याच देशात. इंफाळ ते दिल्ली किती लांब, आणि वाशीम ते नागपूर किती? नागपूर खंडपीठ आपलंच आहे ना?

तुमच्या स्लाइडांमध्ये वळिवड्याचा फोटो होता म्हणे. कोल्हापूरजवळ १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यांची शाळा, त्यांचं चर्च. अभिमान वाटला ना? मलाही वाटतो. पण लक्षात घ्या, तेव्हा १९५१ चा करार जन्मलाही नव्हता. आणि ती कृपा होती. कृपा मागता येते, तिच्यावर अपील करता येत नाही. तुमचं काम कृपेच्या पुढचं आहे. म्हणून मला वळिवड्यापेक्षा गोठणगाव जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. तुमच्यापैकी किती जण नवेगाव बांधला सहलीला गेलात? आणि गोठणगावला? २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नामग्याल डोलकर प्रकरणात सांगितलं, की २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानं भारतीय नागरिक आहे. गोठणगावात १९७२ ते १९८७ या काळात जन्मलेल्यांच्या दारापर्यंत जाणारा निकाल आहे तो. त्यांच्या दाराशी विदर्भातले किती वकील पोचले?

आणि तू गं, अकोल्याच्या सिंधी कॅम्पातली. तू तरी 'सही नाही' म्हणायला नको होतंस. तुझे आजोबा आले तेव्हा त्यांना सगळं गाव निर्वासित म्हणायचं. कायद्याच्या भाषेत ते करारातले निर्वासित नव्हते. संविधानाच्या अनुच्छेद ६ नं त्यांना नागरिक मानलं. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना नोंदणीचा. म्हणजे एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे माणसाचं आयुष्य कसं बदलतं, हे तुझ्या घरातच ठाऊक आहे. कॅम्प हे नाव अजून पत्त्यात आहे. पत्ता लिहिताना कधी थांबून वाचलास?

इटलीत सॅनरेमोला १९७० मध्ये स्थापन झालेली एक संस्था हा कायदा शिकवते. जमलं तर जा, खर्चाचं बघू. पण तिथंही पहिल्या दिवशी हेच सांगतील, की ऐकायला शिका. एका बैठकीत माणूस सगळं सांगत नाही. घरच्यांवर काय बेतलं हे तो तिसऱ्या भेटीत सांगतो, तेही डोळे खाली घालून. तू त्याला किती वेळा भेटलास? रजिस्टरवर दोन सह्या आहेत. एक अठरा मिनिटांची.

आता बसू नका. चहा संपवा आणि उठा. कबुलीवर दोषी ठरलेल्याला अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणापुरतं आणि तिच्या कायदेशीरपणापुरतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६. त्याची मुदत तीस दिवस. ती सोडायची नाही. पण खरा रस्ता नागपूर खंडपीठाचा : अनुच्छेद २२६ खाली याचिका, योग्य दुभाष्याविना घेतलेली कबुली, कलम ३५७ चं पालन नाही, निर्वासित असल्याचा दावा नोंदवलेलाच नाही, दिल्लीच्या कार्यालयाचा कागद मुद्देमालात पडून आहे. मसुदा मी रात्री हातानं लिहून ठेवलाय, टंकलेखन तुम्ही करा. वाशीमच्या दोघांनी उद्या सकाळी अधीक्षकांकडे अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी 'बघतो' चालणार नाही.

दारी बोलणारा एक विद्यार्थी पुण्यात मिळालाय, फोनवर दुभाष्याचं काम करायला तयार आहे. पण तो कोणत्या समाजाचा, कोणत्या गावचा, हे आधी आपल्या पोराला सांग आणि चालेल का विचार. नको म्हणाला तर दुसरा शोधू. आणि वकिलातीला केलेल्या फोनबद्दल त्याला तू स्वतः सांगायचंस. लपवायचं नाही. आईला गाव सोडता येईल का, हे त्याला त्यानंतरच ठरवता येईल.

शिक्षा लागून आज एकवीस दिवस झाले. तो नऊ दिवसांनी सुटतो, आणि त्या दारातून तो हॉटेलात परत जात नाही, हद्दपारीच्या रांगेत जातो. कारंज्याहून नागपूरची गाडी धरा, फाईल माझ्या टेबलावर आहे.